पेठेतल्या जुन्या दुकानाची लघुप्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेतलं आमच्या आजोबांचं वाणसामानाचं दुकान आता नाही. इमारत पुनर्विकासाला गेली. पाडायच्या आधी तीन रविवार मी टेप, वही आणि एक शिडी घेऊन तिथे काढले, आणि पुढे चौदा महिने जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून तिची प्रतिकृती केली. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो. काहींनी स्वतःच्या घराची किंवा दुकानाची प्रतिकृती करायला घेतली आहे, त्यांचे प्रश्न जास्त अवघड असतात. ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

दुकानच का? वाडा का नाही?

वाड्यांच्या प्रतिकृती पुष्कळ होतात. चौक, तुळशीवृंदावन, दिंडीदरवाजा हे सगळ्यांना आवडतं. दुकानाची इमारत मात्र कोणी बघत नाही, कारण लोक दुकानात बघायला जातच नाहीत, साखर घ्यायला जातात. आमची इमारत दिसायला काही थोर नव्हती. काळ्या दगडाचं जोतं, खाली दुकान, वर राहायची माडी, रस्त्यावर अरुंद सज्जा आणि कौलारू पाखं. पण दुकानात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असते आणि ती जागा वापरून वापरून झिजलेली असते. प्रतिकृती करणाऱ्याला याहून चांगलं काय मिळणार!

कोणतं प्रमाण घ्यावं?

हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी १:२४ घेतलं. म्हणजे खरा एक फूट प्रतिकृतीत १२.७ मिलिमीटर. आमची इमारत दर्शनी १८ फूट, खोली ३२ फूट आणि आढ्यापर्यंत उंची २४ फूट. ती झाली सुमारे २२९ × ४०६ × ३०५ मिलिमीटर, म्हणजे टीपॉयवर मावेल एवढी. हीच इमारत बाहुलीघरांच्या १:१२ प्रमाणात केली असती तर खोली ८१ सेंटिमीटर झाली असती आणि बायकोने मला प्रतिकृतीसकट गॅलरीत ठेवलं असतं. १:४८ मध्ये ती तळहाताएवढ्या रुंदीची होते. बाहेरून सुरेख दिसते, पण गल्ल्यातली नाणी वगैरे विसरा. लघुरेल्वेवाल्यांचं १:८७ प्रमाण घेतलंत तर दर्शनी भाग जेमतेम ६३ मिलिमीटर. ते प्रमाण अख्ख्या गल्लीसाठी चांगलं, एका दुकानासाठी नाही.

सोपी कसोटी अशी. तुम्हाला दाखवायलाच हवी अशी सर्वांत लहान वस्तू कोणती, ते ठरवा. माझ्यासाठी ती तराजूची वजनं होती. ती १:२४ मध्ये जेमतेम दिसतात, त्यापुढे नाही.

आणि एक फुकटचा सल्ला. जुन्या इमारती फुटा-इंचांत बांधलेल्या आहेत. मापं फुटा-इंचांतच घ्या, मिलिमीटरमध्ये शेवटी एकदाच बदला. १:२४ आणि १:४८ इथे सोयीची पडतात ती त्यामुळेच.

इमारत आधीच पाडली असेल तर मापं कुठून आणायची?

फोटोतून. जुन्या फोटोत ज्याचं माप ठाऊक आहे अशी एखादी वस्तू शोधायची. पुणं सायकलींचं शहर होतं, त्यामुळे जुन्या फोटोत भिंतीला टेकवलेली सायकल हमखास सापडते. त्या काळच्या साध्या सायकलीचं चाक २८ इंची. चाकाची फोटोतली उंची मोजा आणि त्यावरून दाराची, फळ्यांची उंची काढा. अट एकच: सायकल भिंतीला टेकलेली हवी. रस्त्याच्या मध्यावर उभ्या सायकलीवरून माप काढलंत तर दुकान ठेंगणं होईल.

दुसरी मोजपट्टी म्हणजे मंगलोरी कौलं. एक कौल साधारण ४१० × २३५ मिलिमीटरचं असतं आणि एकावर एक चढवल्यावर त्यातलं सुमारे ३२० मिलिमीटर उघडं राहतं. ओळी मोजल्या की पाख्याची लांबी मिळते. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबाही कामाला येतो. तो सगळीकडे सारखाच, तळाशी सव्वानऊ इंचांच्या आसपास.

कागदपत्रांत सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा काढून आणा. त्यातून जागेचा आकार आणि क्षेत्रफळ कळतं. आमची इमारत मला जन्मभर काटकोनी वाटत होती. नकाशात मागची बाजू पुढच्यापेक्षा सव्वा फूट अरुंद निघाली.

इमारत अजून उभी आहे. काय काय मोजू?

आधी मालक आणि भाडेकरू दोघांची परवानगी घ्या. मग खांबांपासून सुरुवात करा. जुनं बांधकाम खणांच्या हिशेबात असतं, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खांब, त्यांचे तळखडे (खांबाखालचे दगड), वरचे हस्त (खांब आणि तुळईमधले लाकडी आधार) आणि तुळया मोजल्यात की सांगाडा हातात आला. भिंतींची जाडी विसरू नका. दारातून किंवा खिडकीतून ती दिसते, आणि तीच चुकली तर प्रतिकृती खोक्यासारखी दिसते.

कडीपाटाचा, म्हणजे लाकडी छताचा, फोटो जमिनीवर आडवं होऊन काढा. लोक हसतील, हसू द्या.

कोणत्या सालातलं दुकान दाखवायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि हा मला आजवर फक्त दोघांनी विचारला.

‘जुनं दुकान’ असं काही नसतं. १९३५ चं दुकान वेगळं, १९७५ चं वेगळं. साल ठरवलं नाही तर तुमच्या हातून त्या दोन्ही काळांची खिचडी होते. मी मे १९६० ठरवलं. याला कारण होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाणी आमच्या गल्लीत शिरलं, आणि त्यानंतर दुकानाचा दर्शनी भाग बदलला. दुकान बंद करायच्या फळ्या गेल्या, शटर आलं. मला फळ्या हव्या होत्या. आत्याकडे १९५८ चा एक फोटो शिल्लक होता, तो घराबाहेर होता म्हणूनच वाचला. आणि मे १९६० म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं तो महिना.

साल एकदा ठरलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. पैसे? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणून भावाच्या पाटीवर ‘न. पै.’ (नवे पैसे), पण गिऱ्हाईक अजून आण्यांतच बोलणारं. वजनं? मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमल टप्प्याटप्प्याने, म्हणून माझ्या गल्ल्याशेजारी किलोची नवी वजनं आहेत आणि मागच्या फडताळात शेराची जुनीही. भिंतीवर कॅलेंडर? मी हौसेने छोटंसं कालनिर्णय छापून लावलं होतं. मग लक्षात आलं की कालनिर्णय निघालं १९७३ ला! निमूट काढून टाकलं आणि देवीचं चित्र असलेली साधी दिनदर्शिका लावली.

बाजूच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं, अर्धं पुसलेलं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ आहे. मे १९६० मध्ये ते पुसट असणारच. झाला होता ना महाराष्ट्र!

पाटी कशी केली?

दुकानाची पाटी दहा फूट लांब होती, म्हणजे प्रतिकृतीत १२७ मिलिमीटर. नऊ इंची अक्षरं साडेनऊ मिलिमीटरची होतात. ती बारीक ब्रशने हाताने रंगवता येतात, आणि हातानेच रंगवावीत. संगणकावरचा फॉन्ट लगेच ओळखू येतो. त्या काळच्या पाटी रंगवणाऱ्याचं वळण वेगळं होतं. अक्षरं जाड, खाली उजवीकडे सावली, आणि जागा संपत आली की शेवटचा शब्द जरा दाटीवाटीने बसवलेला.

खालची बारीक ओळ दीड इंची अक्षरांची, म्हणजे दीड मिलिमीटर. ती मात्र छापून चिकटवली.

पाटीवरच्या मजकुराकडे लक्ष द्या. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पाटीवर ‘येथें सर्व प्रकारचें किराणा सामान मिळेल’ असे अनुस्वार हवेत. पत्त्यात पिनकोड नको, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. नुसतं ‘नारायण पेठ, पुणे २’. एका ओळखीच्या गृहस्थांनी १९५० च्या दुकानावर सहा आकडी पिन छान रंगवला होता. मी काही बोललो नाही, पण दुसरी कुठली गोष्ट मला त्या प्रतिकृतीत दिसलीच नाही.

भिंती कशाच्या?

माझ्या भिंती सनबोर्डच्या आहेत. हलका, सहज कापला जातो, आणि पाच मिलिमीटरचे तीन थर चिकटवले की सुमारे सव्वाचौदा इंचांची जाड भिंत होते. त्यावर वॉल पुट्टीत थोडं फेविकॉल आणि पाणी घालून पातळ हात फिरवला. हाच आपला चुन्याचा गिलावा.

विटा सगळीकडे कोरायच्या नाहीत. खऱ्या इमारतीत त्या गिलाव्याखाली असतात, फक्त पोपडा निघतो तिथे दिसतात. पन्हळीखालचा कोपरा, नळाजवळची जागा, जोत्याच्या वरची ओलीची पट्टी, एवढ्याच ठिकाणी कोरा. नऊ इंची वीट १:२४ मध्ये साडेनऊ मिलिमीटर लांब येते.

सनबोर्डवर स्प्रेचा रंग थेट मारू नका. मी मारला. कापलेल्या कडांतून रंग आत गेला, आतला फेस विरघळला आणि पश्चिमेची भिंत माझ्या डोळ्यांदेखत खचली. कडा कागदाने बंद करा, किंवा सरळ पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक वापरा.

पावसाळ्यात पुठ्ठा वाकला. काय करू?

एकाच बाजूला कागद चिकटवला असणार. फेविकॉल वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. जे पुढे चिकटवाल तेच मागेही चिकटवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी राहते. वाळेपर्यंत वर जाड पुस्तकं ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मोठे पृष्ठभाग करायला घेऊच नका. तेव्हा बसून बरण्या आणि पोती करा.

गव्हाची खळ वापरत असाल तर कसर आणि झुरळं येतील. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

लाकूड कोणतं?

सागाचं व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. प्लायवुडच्या दुकानात तुकडे मिळतात, पुष्कळदा फुकट. खांब आणि तुळयांसाठी पट्ट्यांवर व्हीनियर चढवलं. आइसक्रीमच्या काड्या चालतात, पण त्यांच्या कडा गोल असतात, त्या आधी कापून टाकाव्या लागतात.

जुनाट काळपटपणासाठी भांडी घासायची लोखंडी तार व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस भिजवा आणि ते पाणी लाकडावर लावा. लाकडात टॅनिन असतं, त्याच्याशी लोहाची क्रिया होऊन लाकूड करडं-काळं पडतं. फिक्या लाकडात टॅनिन कमी, म्हणून त्याला आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यायचा. स्टेनलेसची तार घेऊ नका, काहीही होणार नाही.

फळ्या कशा केल्या? त्या खरंच निघतात का?

निघतात. एकूण बारा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शटर यायच्या आधी दुकानाचं तोंड उभ्या फळ्यांनी बंद व्हायचं. उंबरठ्याला आणि वरच्या चौकटीला खाच असे. सकाळी एकेक फळी उचलून, सरकवून काढायची आणि आत भिंतीला टेकवून ठेवायची. रात्री त्याच क्रमाने बसवायची, आणि शेवटी आडवी लोखंडी पट्टी लावून कुलूप. क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नाही, कारण हाताने रंधलेल्या फळ्या कधी एकसारख्या नसतात. म्हणून प्रत्येकीवर तेलरंगाने आकडा घातलेला. इमारत पाडताना सातव्या क्रमांकाची फळी मी मागून घेतली, ती आता माझ्या टेबलामागे उभी आहे.

दहा फुटांच्या तोंडाला दहा इंची बारा फळ्या. प्रतिकृतीत प्रत्येक फळी १०.६ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड. वरची खाच खालच्या खाचेच्या दुप्पट खोल ठेवावी लागते, म्हणजे फळी आधी वर सारून मग खाली बसवता येते. खऱ्या दुकानातही तसंच असतं. हे मला मापं घेताना कळलं नव्हतं. माझ्या फळ्या बसेनात, तेव्हा परत जाऊन चौकटीच्या खाचेत बोट घालून पाहिलं. तोवर इमारत उभी होती हे नशीब.

कौलं एकेक करून लावली का?

हो, आणि परत लावणार नाही. आमच्या छपराला हजाराच्या आसपास कौलं लागतात. शहाणा माणूस ओळीची पट्टी करतो. जाड कागदाच्या पट्टीवर रिकाम्या बॉलपेनने कौलांच्या पन्हळी दाबायच्या, खालची कड दातेरी कापायची, आणि पट्ट्या वळचणीपासून आढ्याकडे एकीवर एक चढवत जायच्या. मधून मधून एखादं कौल वेगळं कापून जरा वाकडं बसवायचं, एक फुटकं, दोन नवी लाल. माकडं आणि पतंग काढणारी मुलं यांचा हिशेब ठेवावा लागतो.

इमारत फार जुनी दाखवत असाल तर लक्षात ठेवा, मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ ला करायला घेतली. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं. पेशवाईतल्या दुकानावर मंगलोरी कौलं चढवू नका.

छप्पर चिकटवू नका. उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे.

पन्हळी पत्रा?

दुकानापुढच्या झापाचा पन्हळी पत्रा मी जेवणाच्या फॉइलच्या डब्यापासून केला. खऱ्या पत्र्याची एक पन्हळ साधारण तीन इंची, इथे ती सव्वातीन मिलिमीटर. आटे पाडलेल्या सळईवर ठेवून दाबलं की झालं.

आतलं सामान कसं केलं?

यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि यातच मजा आहे. पोती म्हणजे मलमलीचा तुकडा चहात बुडवून, आत रवा. (रव्याला कीड लागली. आता आत बारीक वाळू आहे, वर दिसेल इतकंच धान्य वार्निशमध्ये घोळवलेलं.) बरण्या पारदर्शक स्ट्रॉच्या. तेलाचे डबे पुठ्ठ्याचे, दहा मिलिमीटर चौकोनी, त्यावर कथलाचा रंग. सुतळीचं रीळ छताला टांगलेलं, त्याचं टोक गल्ल्यावर लोंबतं. रद्दीच्या चौकोनी कागदांची चळत. लाल कापडाची खतावणी. तराजूची दांडी तांब्याच्या तारेची, पारडी पंचिंग मशीनने पाडलेल्या पत्र्याच्या टिकल्या.

आजोबांची गादी मधे खोलगट आहे. गादी सपाट केली असती तर आत्याने पहिल्यांदा तेच काढलं असतं.

जुनाटपणा किती दाखवायचा?

तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा. दुकान चालू होतं, भग्नावशेष नव्हतं. झीज कुठे होते ते बघा. उंबरठ्याचा मधला भाग, गल्ल्याची पुढची कड, जिन्याच्या पायऱ्यांची उजवी बाजू, खांबावर डोक्याच्या उंचीला तेलाचा काळा डाग. धूळ मात्र सगळीकडे नसते. मालाच्या वरच्या फळीवर असते, हाताशी असलेल्या फळीवर नसते.

गेरू, काजळ आणि रांगोळी एवढ्यावर माझं काम भागलं. बारीक चाळलेली रांगोळी रस्त्याच्या धुळीसाठी फार छान.

रंग एक छटा फिके ठेवा. लहान वस्तूवर खरा रंग गडद दिसतो.

दिवे?

पिवळसर छोटे एलईडी. १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर प्रत्येक एलईडीला एक हजार ओहमचा रेझिस्टर. साधारण ९ मिलिअँपिअर जातो, आणि चाळीसच्या बल्बसारखा मंद उजेड पडतो. पांढरे एलईडी लावलेत तर वाणसामानाचं दुकान मोबाइलचं दिसेल. वायर भिंतीच्या थरांमधून घ्या, आणि ती भिंत बंद करायच्या आधी दिवा लावून बघा.

लेझर कटिंग आणि थ्रीडी प्रिंटिंग वापरलं तर चालेल का?

का नाही? सज्जाच्या कठड्याचे गज मी लेझरने कापून घेतले. एकसारखं आणि पुष्कळ लागणारं जे असेल ते यंत्राला द्या. फळ्या, पाटी, गिलावा हाताने करा, कारण खऱ्याही हातानेच केलेल्या होत्या.

माणसं का नाहीत?

साडेपाच फुटी माणूस १:२४ मध्ये सत्तर मिलिमीटरचा होतो. एवढ्या आकारात चेहरा दिसतो, आणि मला आजोबांचा चेहरा जमला नाही. म्हणून दुकान दुपारच्या दीड वाजताचं आहे. गादीवर कोणी नाही, चपला उंबरठ्याशी, माडीवर जेवायला गेलेत.

खर्च किती आला?

साडेसहा हजारांच्या आसपास, त्यातला निम्मा कटरची पाती, चिमटे आणि चुकलेल्या वस्तूंवर. स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट चांगली घ्या. बाकी सगळं बोहरी आळीत आणि अप्पा बळवंत चौकात एका दुपारीत होतं.

सुरुवात करण्याआधी काय बघावं?

पुण्यात कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय बघा, लहान आकारात गाव कसं उभं राहतं ते कळतं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात खरे दरवाजे, दिवे, भांडी जवळून दिसतात. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या प्रतिकृतींसाठी वेळ काढून जा. आणि लाकूडकामासाठी विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून.

तुम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल तर निम्मं काम तुम्हाला येतंच. फरक एवढाच की किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कोणी काही म्हणत नाही.

धुळीचं काय?

काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी करा, उन्हापासून लांब ठेवा, आणि तळाशी मागच्या बाजूला दोन छोटी भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते. पेटीचं दार मागे ठेवा. माझं पुढे होतं, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका पाहुण्यांच्या नातवाने फळी क्रमांक चार आणि नऊ यांची अदलाबदल केली. शेवटची फळी अर्थातच बसेना. गोंधळ कुठे झालाय हे शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली.